मोबाइलच्या पोटातला पडदा

आधी एक प्रयोग करा, मग गप्पा मारू. घरात कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लागला की वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसा. २० टक्क्यांचे ३० व्हायला किती मिनिटं लागली ते लिहा. मग खुशाल खेळायला जा. मोबाइल ९० वर आला की परत या आणि ९० चे १०० व्हायला किती वेळ लागला तेही लिहा. भरायचे होते दोन्ही वेळी दहाच टक्के. चार्जर तोच, वायर तीच, मोबाइलही तोच. तरी शेवटचे दहा टक्के किती रेंगाळतात बघा!

मोबाइल थकला म्हणून असं होत नाही. तो मुद्दाम हळू भरतो. का, ते कळायला त्याच्या पोटात डोकावावं लागेल. खरोखर उघडून नाही हं! बॅटरी उघडायची नाही, टोचायची नाही, वाकवायचीही नाही. आपण मनातल्या मनातच डोकावू.

मोबाइलची बॅटरी म्हणजे वीज साठवलेली टाकी, असं पुष्कळांना वाटतं. आत तसं काहीच नसतं. असतात दोन लांबलचक पट्ट्या. एक तांब्याच्या पातळ पत्र्याची, तिच्यावर ग्रॅफाइटचा काळा लेप. ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या पेन्सिलच्या शिशात असतो तोच. दुसरी पट्टी ॲल्युमिनियमची, तिच्यावरही काळाच लेप, पण तो लिथियम आणि कोबाल्ट किंवा निकेल अशा धातूंच्या संयुगाचा. या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पांढरा, प्लास्टिकचा पडदा. तिन्ही एकत्र गुंडाळायच्या किंवा घड्या घालून बसवायच्या, त्यात एक विशिष्ट द्राव भरायचा आणि पाकीट हवाबंद करायचं. झाला सेल तयार.

त्या पांढऱ्या पडद्यावरच माझं सगळं लक्ष आहे. तो साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो, कधी त्याहूनही पातळ. असे ५० पडदे एकावर एक रचले तर कुठे १ मिलिमीटर जाडी होईल. तुमच्या डोक्यावरचा केसही त्याच्यापेक्षा जाड आहे. पडद्याला इतकी बारीक छिद्रं असतात की ती डोळ्यांना दिसतच नाहीत. या छिद्रांमधून लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले लिथियमचे अणू, इकडून तिकडे जातात. पण दोन्ही पट्ट्यांना एकमेकींना शिवू द्यायचं नाही, हे पडद्याचं खरं काम. त्या शिवल्या तर बॅटरीत साठलेली सगळी ऊर्जा एकाच जागी, एकदम बाहेर पडू लागते.

आता रेंगाळण्याकडे येऊ. चार्जिंग सुरू झालं की लिथियमचे आयन ॲल्युमिनियमच्या बाजूने निघतात, द्रावातून पोहत पडद्याच्या छिद्रांतून पार होतात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणारी एसटी आठवा. गाडी लागते तेव्हा सगळ्या जागा रिकाम्या असतात, त्यामुळे पहिले प्रवासी भराभर चढून बसतात. गाडी भरत आली की प्रत्येकाला जागा शोधत, सामान सावरत मागे सरकावं लागतं. तेव्हा शहाणा कंडक्टर काय करतो? दारात उभा राहून एकेकालाच आत सोडतो. चार्जिंगवर नजर ठेवणारं सर्किट अगदी हेच करतं. सेलचं व्होल्टेज ४.२ च्या आसपास पोचलं (काही नव्या मोबाइलमध्ये हा आकडा थोडा जास्त असतो) की ते व्होल्टेज तिथेच धरून ठेवतं आणि करंट कमी कमी करत नेतं. म्हणून तुमच्या वहीतला दुसरा आकडा मोठा.

आणि कंडक्टरचं कुणी ऐकलंच नाही तर? सगळ्यांना एकदम कोंबायला गेलं की काही प्रवासी आत न शिरता दाराला लटकतात. सेलमध्येही तसंच घडतं. घाईने किंवा प्रमाणाबाहेर चार्ज केलं, किंवा शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज केलं, की काही लिथियम ग्रॅफाइटच्या आत न जाता बाहेरच्या बाजूला धातू होऊन चिकटतं. त्याचे बारीक काटे वाढू लागतात. हे काटे पडद्याच्या दिशेने वाढतात, आणि पडदा तर केसाहून पातळ! हिवाळ्यात लेह-लडाखला गेलात आणि मोबाइल बर्फासारखा गार पडला असला, तर आधी त्याला खोलीत ऊब येऊ द्या, मग चार्जर लावा.

असल्या काट्यांनी शास्त्रज्ञांनाही सुरुवातीला फार छळलं. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम अमेरिकेत एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लिथियम धातू वापरून बॅटरी करत होते. तिथे इतक्या वेळा आगी लागल्या की विझवायला येणारे अग्निशमन दलाचे लोक वैतागले. पुढे १९८० मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला कोबाल्टचं संयुग वापरून जास्त व्होल्टेज मिळवून दाखवलं. मग जपानमधल्या अकिरा योशिनो यांनी शुद्ध लिथियम धातू बाजूलाच ठेवला आणि त्याच्या जागी कार्बनचा एक प्रकार वापरला. लिथियम आता फक्त आयनांच्या रूपात ये-जा करणार होतं.

योशिनोंची एक गोष्ट मला फार आवडते. शाळेत असताना त्यांच्या बाईंनी त्यांना मायकेल फॅराडेचं मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक वाचायला सांगितलं होतं. तिथून त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. हाच मुलगा मोठेपणी अशी बॅटरी करायला निघाला, जी पेटणार नाही! ती पेटत नाही हे नुसतं सांगून कोण ऐकणार? म्हणून त्यांनी स्फोटकांची चाचणी घेतात अशा जागी जाऊन आपल्या बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा टाकला. बॅटरी चेपली, पण पेटली नाही. मग तोच तुकडा लिथियम धातूच्या बॅटरीवर टाकला. तिने जोरदार पेट घेतला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना मिळून रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारं त्यांच्याआधी कुणीच नव्हतं.

म्हणजे आपल्या घरातली बॅटरी मुळातच सुरक्षित व्हावी म्हणून जन्माला आली आहे. तरी तिला सांभाळावं लागतंच. कारण आतला द्राव पेट घेऊ शकतो आणि पडदा प्लास्टिकचा आहे. उष्णता वाढत गेली की साधारण ८०–९० अंशांपासून ग्रॅफाइटवरचा एक संरक्षक थर मोडायला लागतो. तो मोडताना आणखी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास पडदा वितळू लागतो. त्याच्या पुढे कोबाल्टच्या संयुगातून प्राणवायू सुटायला लागतो. आता बाहेरून कुणी काही तापवायची गरज उरत नाही, उष्णतेतून आणखी उष्णता होत जाते. बॅटरीच्या आगीवर पांघरूण टाकून ती दडपता येत नाही ती यामुळेच. तिला लागणारा प्राणवायू थोडाफार तिच्या पोटातूनच येतो.

एवढ्याशा पडद्याला धक्का लागला तर काय होतं, ते जगाने २०१६ मध्ये पाहिलं. सॅमसंगचे गॅलेक्सी नोट ७ हे नवेकोरे मोबाइल ठिकठिकाणी पेटू लागले. कंपनीला सुमारे २५ लाख मोबाइल परत बोलवावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद करावं लागलं. तपासात दिसलं की काही बॅटऱ्यांमध्ये कोपऱ्याची पट्टी दबून वाकली होती, तर काहींमध्ये वेल्डिंगची बारीक टोकं पडद्यातून आरपार जात होती. एवढा मोठा कारखाना, एवढे तज्ज्ञ, आणि घोटाळा झाला तो डोळ्यांनाही न दिसणाऱ्या टोकाने. मोबाइल मागच्या खिशात ठेवून त्यावर बसू नकोस, असं ताई दादाला ओरडते ना? ताईचं बरोबर आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न. रात्रभर चार्जिंगला लावला तर मोबाइल जास्त भरून फुटतो का? नाही. बॅटरीच्या तोंडाशी एक चिमुकलं सर्किट असतं. ते पोट भरलं की करंट थांबवतं, आणि फार रिकामी व्हायला लागली की बाहेर जाणारा प्रवाहही तोडतं. चांगल्या मोबाइलला आपलं पोट भरल्याचं कळतं. तरीही मी रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका असंच सांगेन, आणि ठासून सांगेन. चार्ज होताना मोबाइल थोडा तापतो आणि ती उष्णता त्याला हवेत सोडायची असते. उशीखाली, गादीवर, गोधडीत ती अडकून राहते. शिवाय काही बिघडलं तर बघायला जागं कोण आहे? संध्याकाळी टेबलावर किंवा फरशीवर, उघड्यावर, सगळे जागे असताना चार्ज करा. अभ्यास होईपर्यंत मोबाइलही भरतो. चार्जिंग चालू असताना त्यावर गेम खेळत बसलात तर दोन्हीकडून तापतो, तेव्हा तेवढा वेळ त्याला एकटं सोडा.

उन्हाळ्यात तर जास्तच जपायला हवं. अकोला, नागपूर, चंद्रपूरच्या मुलांना मी काय वेगळं सांगू? मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या घरात जातो, आणि बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर बाहेरच्याहून कितीतरी जास्त तापतं. म्हणून मोबाइल किंवा पॉवर बँक गाडीच्या काचेजवळ ठेवून कुठे जायचं नाही. मोबाइल फार तापला की कधी कधी तो चार्जिंग थांबवून तसा निरोप दाखवतो. त्याला सावलीत ठेवा, कव्हर काढा, थांबा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर आतबाहेर पाणी जमतं आणि नवीच पंचाईत होते.

चार्जरवरची बारीक अक्षरं कधी वाचलीत? भिंग घ्या आणि वाचा, मजा येते. आत किती व्होल्ट घेतो, बाहेर किती व्होल्ट आणि किती अँपिअर देतो, सगळं लिहिलेलं असतं. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त, डुप्लिकेट चार्जरमध्ये पैसे वाचवायला आतले सुरक्षेचे भागच गाळलेले असू शकतात. डुप्लिकेट बॅटरीचंही तेच. शंभर-दोनशे रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे, हे आईबाबांनाही सांगा. वायर कुठे सोलली असेल, पिन काळी पडली असेल किंवा प्लग हाताला चटका देत असेल, तर ती वस्तू बाद. चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा वापरायची नाही.

आता एक खूण ओळखायला शिका. मोबाइल उताणा, पाठ खाली करून, सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्याला बोट लावून हलकेच फिरवा. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो डुगडुगत असेल तर ते सोडून द्या. पण मोबाइलची पाठ मध्येच फुगलेली वाटत असेल, कडेला काच उचलून फट दिसत असेल, बटणं दाबताना घट्ट लागत असतील, तर समजा की आत बॅटरी फुगली आहे. आतला द्राव हळूहळू मोडतो, त्याचा वायू होतो, आणि हवाबंद पाकिटातून त्याला बाहेर पडता येत नाही. अशी बॅटरी दाबून सपाट करायची नाही. सुई लावून हवा काढू, असं एखादा मित्र म्हणेल. त्याला तिथेच थांबवा! सुई थेट पडद्यातून जाईल. मोबाइल बंद करायचा, चार्जर काढायचा, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर फरशीवर ठेवायचा आणि मोठ्यांना बोलवायचं. पुढचं काम दुरुस्तीच्या दुकानातल्या जाणकाराचं.

कपाटात वर्षानुवर्षं पडलेली खेळण्यातली गाडी किंवा पॉवर बँक सापडली तर? बॅटरी फार खोल रिकामी झाली असेल तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं द्रावात विरघळू लागतं. मग ती पुन्हा चार्ज केली की ते तांबं भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं आणि पट्ट्या जोडल्या जाऊ शकतात. म्हणून पूर्ण मेलेली जुनी बॅटरी जिवंत करायचा हट्ट नको. एखादी वस्तू महिनोन्‌महिने वापरायची नसेल, तर तिला निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

आता थोडं गणित. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात. त्याला १००० ने भागा आणि ३.७ व्होल्टने गुणा, की वॅट-तास मिळतात. १०,००० ची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास, २०,००० ची म्हणजे ७४. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक वेगळी परवानगी न काढता नेता येते, पण हातातल्या सामानातच. ती सामानकक्षात टाकायची नसते, कारण तिथे धूर निघाला तर कुणाला दिसणार? केबिनमध्ये दिसतो, आणि तिथे प्रशिक्षित माणसं जवळ असतात.

हेच गणित विजेवर चालणाऱ्या स्कूटरला लावा. मोबाइलची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची. स्कूटरची काढून घरात नेता येणारी बॅटरी २ किलोवॅट-तासांची धरली, तर ती एकटी शंभर मोबाइलच्या बरोबरीची झाली. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका स्कूटरने पेट घेतला. त्या वर्षी देशात अशा बऱ्याच घटना घडल्या. त्याच वर्षी वसईत घरात चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्यात एका लहान मुलाचा जीव गेला. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. त्यानंतर सरकारने अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी चाचण्या कडक केल्या. घरी मात्र आपणच पाहायला हवं. स्कूटर फिरवून आणल्यावर बॅटरी थोडा वेळ निवू द्यायची, मगच चार्जिंगला लावायची, तीही कंपनीच्याच चार्जरने. जिन्यात, दाराशी किंवा लोक झोपतात त्या खोलीत ती चार्ज करायची नाही. दाराशी आग लागली तर बाहेर पडायचं कुठून?

आणि खरंच बॅटरीतून धूर आला, फसफस आवाज आला, गोडसर किंवा उग्र वास आला तर? ती विझवणं तुमचं काम नाही. धूर विषारी असतो, तो छातीत घ्यायचा नाही. ओरडून सगळ्यांना सांगा, बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा. काही मोठी माणसं म्हणतील, लिथियमवर पाणी टाकलं की भडका उडतो. लिथियम धातूच्या बाबतीत ते खरं आहे. पण आपल्या मोबाइलमधलं लिथियम आयनांच्या रूपात असतं, आणि अशा बॅटरीला थंड करायला अग्निशमन दल भरपूर पाणीच वापरतं. मात्र चार्जर अजून भिंतीत असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, शॉक बसेल. विझली असं वाटूनही ती काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून लगेच जवळ जायचं नाही.

धाकटी भावंडं असणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. रिमोट, गाणारी खेळणी, वजनकाटा यांत नाण्याएवढा चपटा सेल असतो. तो चार्ज होत नाही, पण त्यातही लिथियम असतं. बाळाने तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर जखम होऊ शकते. शीमधून पडेल म्हणून वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखान्यात न्यायचं. त्या खेळण्याच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना, तेवढं आजच बघून घ्या.

राहता राहिला तो खण. प्रत्येक घरात असा एक खण असतोच, त्यात जुने मोबाइल, तुटक्या वायरी आणि कशाच्या हे कुणालाच न आठवणारे चार्जर असतात. रविवारी आईबाबांबरोबर तो रिकामा करा. फुगलेलं काही दिसलं तर तुम्ही हात लावू नका, मोठ्यांना दाखवा. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर मोठ्यांकडून चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे ती एकमेकींना किंवा किल्ल्यांना लागणार नाहीत. ओल्या-सुक्या कचऱ्यात त्या टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, आणि दाबल्यावर पडद्याचं काय होतं हे आता तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, म्हणून त्या ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा दुकानात द्या. तिथून पुढे कारखान्यात त्या दळल्या जातात आणि त्यांतून कोबाल्ट, निकेल, तांबं वेगळं काढतात. लिथियमही काढता येतं आणि त्यापासून नवी बॅटरी करता येते.